लगेच शिवलेला कावळा

भुईगावात कुणाचं दहावं असलं आणि पिंडाला कावळा शिवायचं नाव घेत नसला, की जमलेल्यांतलं कुणीतरी म्हणायचंच, "नरहरीभाऊंना पुढे करा रे." मग नरहरी सावे गर्दीच्या मागच्या टोकाकडून पुढे यायचा, चपला काढायचा, तळ्याच्या पायरीवर उतरून पिंडासमोर हात जोडायचा आणि गेलेल्या माणसाशी बोलायला लागायचा. मंत्रबिंत्र काही नाही. ओट्यावर बसून बोलावं तसं. "दामूकाका, म्हशीचा घोर लावून घेऊ नका. तिला कुणी विकणार नाही, आमच्या गोठ्यात येईल ती." एवढं म्हणून तो मागे सरकायचा. मघापासून पिंपळावर माना वाकड्या करून बसलेल्या कावळ्यांतला एखादा खाली उतरायचा आणि लोक सुटकेचा श्वास टाकून आंघोळीच्या तयारीला लागायचे.

गावाला याचं मोठं अप्रूप होतं. मेलेल्याची राहिलेली इच्छा पोराबाळांना कळत नाही, बायकोला कळत नाही, ती या चाफेवाल्याला कशी कळते? खरं तर त्यात जादू नव्हती. नरहरीची सोनचाफ्याची वाडी होती. पहाटे कळ्या खुडून दादरच्या बाजाराकडे टेम्पो रवाना केला की उरलेली फुलं तो घरोघर पूजेला पोचवायचा, आणि प्रत्येक घरी जरा टेकायचा. स्वतः बेताचंच बोलायचा, त्यामुळे समोरचा मन मोकळं करायचा. कुणाची सून नांदत नव्हती, कुणाच्या बांधावरचं रामफळ शेजाऱ्याने तोडलं होतं, कुणाला मरायच्या आधी एकदा विमानात बसायचं होतं. हे सगळं नरहरीच्या डोक्यात साचत जायचं. पण तो याला हुशारी समजत नव्हता. माणूस गेलं की दहा दिवस त्या पिंपळाच्या आसपास घुटमळतं, आपलं म्हणणं ऐकतं, समाधान झालं की कावळ्याला खाली धाडतं, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कळंबच्या एका कोळणीचा नवरा गेला तेव्हा तिने खास माणूस पाठवून नरहरीला नेलं. "भाऊ, समिंदराचं पानी त्याला सोडवत नाय, तुमीच सांगा कायतरी," म्हणून ती रडत होती. नरहरी त्या माणसाला आयुष्यात दोनदा भेटला असेल. तरी तिथेही कावळा आला.

एरवी गावाच्या कुठल्याच गोष्टीत नरहरी महत्त्वाचा नव्हता. तो कधी सरपंच झाला नाही, भजनी मंडळात टाळ धरून मागच्या रांगेत बसला, आणि गावातल्या निम्म्या लग्नांच्या व्हिडिओंत तो पाण्याचा जग घेऊन कडेने जाताना तेवढा दिसतो. दुसऱ्याच्या गोष्टीत थोडा वेळ येऊन जाणारा माणूस. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. पिंपळाखालची ती दोन मिनिटं त्याची होती, आणि ती त्याला पुरत होती.

मग उमंग गेला.

उमंग हा नरहरी-सावित्रीचा धाकटा, अक्षदाच्या पाठचा. पंचविशी नुकती उलटलेली, वसई पूर्वेला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला. त्या सकाळी नरहरी चाफ्याला शिडी लावून वर चढला होता. कळ्या उमलायच्या आत टेम्पो सुटायला हवा, म्हणून हात आणि जीभ दोन्ही घाईत. उमंग काखेत हेल्मेट मारून शिडीखाली येऊन उभा राहिला.

"बाबा, एक सांगायचं होतं."

"संध्याकाळी सांग. टेम्पो चुकेल."

"बरं," म्हणून उमंग गेला. नाक्याच्या वळणावर इमारतींना पाणी पोचवणाऱ्या एका टँकरने त्याच्या मोटरसायकलला उडवलं. संध्याकाळ झाली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, आणि सांगणारा तेवढा नव्हता.

पुढचे दिवस नरहरी ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसून होता. लोकांना वाटलं, दुःखाने खचला. खचला होताच, पण त्याचबरोबर तो एक वाक्य जुळवत होता. आजवर त्याने दुसऱ्यांच्या मेलेल्यांना शब्द दिले होते, आता स्वतःच्या मुलाला द्यायचा होता, आणि पोराला काय हवं होतं हे तर ठाऊकच नव्हतं. शेवटी त्याने ठरवलं, सगळ्या गावासमोर म्हणायचं : उमंग, तू काय सांगणार होतास ते मी ऐकून घेतलं नाही. पण जे काय असेल त्याला माझा होकार आहे. हे म्हणताना आपल्याला रडू फुटेल हेही त्याला माहीत होतं. फुटू दे, तो मनाशी म्हणाला.

दहाव्याला त्याने पिंड ठेवला, पाणी सोडलं, गुडघ्यावर हात टेकून उठू लागला, आणि तो पुरता उभा राहायच्या आत कावळा आला. भटजींचा हातसुद्धा अजून मागे गेला नव्हता. एकामागून दुसरा आला, तिसरा आला. भाताचा गोळा फुटला. लोकांनी हात जोडले. "पोर तृप्त गेलं हो," कुणी म्हणालं. "काही राहिलं नाही त्याचं," आणखी कुणी म्हणालं. नरहरीचं वाक्य तोंडातच राहिलं.

त्याने त्या कावळ्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं इतके कावळे पाहिले, पण ते सगळे श्रद्धेने पाहिले होते. हा चोचीने शितं उडवत होता, मान वर करून गिळत होता, शेजारच्याला टोचून हाकलत होता. भूक लागलेला पक्षी. उमंगचं काहीतरी राहिलं होतं, हे साऱ्या जगात एकट्या नरहरीला पक्कं ठाऊक होतं. तरी कावळा शिवला, तोही इतक्या घाईने. याचा अर्थ पिंपळावर कुणी नव्हतं. आज कुणी नव्हतं, तर दामूकाकाही नव्हते, कळंबचा कोळी नव्हता, कधी कुणीच नव्हतं. आपण आयुष्यभर एका झाडाशी बोलत आलो. हे सगळं त्याला तिथेच, ओल्या पंच्यावर उभ्या उभ्या कळलं, आणि आश्चर्य म्हणजे रडू आलंच नाही.

भुईगावातल्या बायका दहाव्याला तळ्यावर जात नसत. सावित्री घरी होती. कुणीतरी पुढे पळत जाऊन तिला सांगितलं. "लगेच शिवला?" तिने विचारलं. "लगेच," ते म्हणाले. तिने डोळे मिटले, भिंतीला टेकली, आणि त्या दुपारी उमंग गेल्यापासून पहिल्यांदाच तिला झोप लागली. तेव्हापासून कुणी सांत्वनाला आलं की ती पदर सारखा करत एवढंच म्हणायची, "लगेच शिवला हो त्याला." एवढ्या एका वाक्यावर ती पुन्हा स्वयंपाक करू लागली, माणसांत बसू लागली, अक्षदाच्या मुलीच्या बारशाला जाऊन आली.

म्हणजे घरात कावळा एकच होता. त्याने नवऱ्याचा देव नेला होता आणि बायकोला झोप दिली होती.

नरहरीने हे कुणाला बोलून दाखवलं नाही. बोललं की ते सावित्रीच्या कानावर जाणार, आणि तिचा कावळा उडाला की ती कशावर उभी राहणार? बोलणं सोडाच, उमंगला काय सांगायचं असेल हे त्याने तिला विचारलंसुद्धा नाही. पोरगा आईशी सगळं बोलायचा, तिला ठाऊक असणार. पण विचारायचं म्हणजे त्याचं काही राहिलं होतं हे तिला सांगण्यासारखं. ती शांत आहे त्या अर्थी तसंच काही किरकोळ असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला. ती पटत नव्हती, पण दुसरी नव्हती.

त्याचा नास्तिकपणा असा बिनआवाजाचा होता. नास्तिक माणसं वाद घालतात, पुस्तकं वाचतात, निदान उपासाच्या दिवशी मासे तरी खातात. नरहरीने यातलं काही केलं नाही. तो देवळात जायचा आणि बँकेच्या रांगेत उभं राहावं तसा उभा राहायचा. सावित्रीच्या देवघरात रोज चाफा ठेवायचा. ज्या देवांसाठी मुंबईभर त्याची फुलं जात होती त्यांच्याबद्दल त्याला राग नव्हता, न भेटलेल्या माणसाबद्दल राग कसला असणार? पण हळूहळू हे देवापुरतं राहिलं नाही. केळीला नवीन फुटवा आला की पूर्वी त्याला बरं वाटायचं, आता तो बघायचा आणि पुढे जायचा. बावखलातला, वाडीच्या त्या छोट्या तळ्यातला, गाळ निघाला नाही. पाखाडीवरच्या लोकांशी टेकून बोलणं थांबलं, फुलांची पुडी दाराच्या कडीला अडकवून तो चालता व्हायचा. अक्षदा विरारहून आली की चिडायची. "बाबा, तुम्हाला कशातच इंटरेस्ट राहिला नाही."

"होता तेव्हा काय झालं?" तो विचारायचा. त्यावर ती आईला मदत करायला आत निघून जायची.

फक्त एकदा ते त्याच्या तोंडून निसटलं. शेजारच्या वाडीतल्या आल्बर्टबरोबर तो पाण्याची मोटर दुरुस्त करत होता. आल्बर्ट त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, चर्चमधली रविवारची मिस्सा न चुकवणारा, देव म्हटलं की टोपी काढणारा माणूस. नरहरी पाना फिरवता फिरवता सहज म्हणाला, "आल्बर्ट, वर कुणी नाही रे. मला उमंगच्या दहाव्याला कळलं. कावळ्याने सांगितलं." आल्बर्टचा चेहरा लाल झाला. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि घरी काम आहे म्हणून मोटर तशीच सोडून निघून गेला. बिचाऱ्याच्या श्रद्धेला धक्का बसला असेल असं समजून नरहरी पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

तळ्यावर मात्र तो जातच राहिला. बोलावलं की जावं लागायचं. हात जोडायचे, काहीतरी म्हणायचं, मागे सरकायचं. आणि गंमत बघा, विश्वास उडाल्यावरही कावळे येतच होते, पूर्वीइतकेच, पूर्वीसारखेच. ज्याला पुरावा हवा होता त्याला याहून जास्त काय हवं?

अशी चार वर्षं गेली, आणि वैशाखात सदानंद घाडी वारले.

घाडी मूळचे सिंधुदुर्गाकडचे. पोस्टातून निवृत्त होऊन रस्त्यापलीकडच्या इमारतीत राहायला आले होते. रोज चाफ्याची दोन फुलं घ्यायला स्वतः वाडीत यायचे, आणि दोन फुलांच्या निमित्ताने तासभर कोकणातल्या आंब्यांबद्दल बोलायचे. त्यांची बायको सुहासिनी आणि सावित्री यांचं चांगलं जमायचं. इमारतीतली माणसं जुनी रीत पाळत नाहीत, त्यामुळे दहाव्याला बायकाही तळ्यावर आल्या. सावित्रीला आयुष्यात पहिल्यांदा पिंपळाखालचा विधी बघायला मिळाला. ती सुहासिनीच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती.

मुलगा सिद्धेश याने पिंड ठेवला. कावळे होते, पण ते वरच्या फांद्यांवर पिसं साफ करत बसले. थोडा वेळ गेला, बराच वेळ गेला. सिद्धेशने शब्द दिला, "बाबा, गावचं घर विकणार नाही." कावळे हलले नाहीत. "आईला एकटं ठेवणार नाही." तेही कुणाला पटलं नाही. मग सिद्धेशने खिशातून मोबाईल काढला. "काका, यात कावळ्याचा आवाज आहे, ट्राय करू का?" असं भटजींना विचारत त्याने तो लावला. मोबाईल कर्कश्श ओरडला आणि फांदीवर होते ते दोन कावळेही उडून गेले. ज्यांना हसू आलं त्यांनी ते खोकल्यावारी नेलं.

सुहासिनीने पिशवीतून आंबा काढला. तिने तो घरूनच कापून आणला होता. एक फोड तिने पिंडाजवळ ठेवली आणि लोकांकडे न बघता म्हणाली, "आंबा मागत होते. शेवटच्या आठवड्यात रोज मागत होते. मी साखर वाढेल म्हणून दिला नाही." आता कावळा येईल असं सगळ्यांनाच वाटलं. उडालेले परतले, फोडीकडे बघितलं, आणि तिथेच बसून राहिले.

"नरहरीभाऊंना पुढे करा," कुणीतरी म्हणालं.

नरहरी उतरला. त्याने हात जोडले आणि नेहमीचं काम केलं. घाडी, काळजी करू नका, वहिनींकडे आम्ही सगळे लक्ष ठेवू. काही झालं नाही. घाडी, तुमच्या नावाने गावी कलम लावू. काही झालं नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. भटजींना आगाशीला दुसरं काम होतं, ते घड्याळाकडे बघायला लागले आणि शेवटी म्हणाले, "दर्भाचा करून शिववू या. शास्त्रात सोय आहे."

"नको!" सुहासिनी ओरडली. छत्रीखालून बाहेर येऊन ती पायरीवर बसकण मारून बसली. "गवताचा कावळा नको मला. मी एक फोड दिली नाही त्यांना. एक फोड, हो. आता हे मला मरेपर्यंत पुरणार." तिने कपाळ गुडघ्यांवर टेकलं. सिद्धेश तिला उठवायला गेला, तिने त्याचा हात झटकला.

नरहरी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तिला पुरेल असा इलाज त्याच्याजवळ होता, आणि तो ओठांवर येऊन थांबला होता. कावळ्याला काही कळत नाही, एवढं सांगितलं की ही बाई आंब्यातून सुटणार होती. पण मागे छत्री धरून सावित्री उभी होती. न आलेला कावळा काही सांगत नसेल, तर लगेच आलेलाही काही सांगत नाही, हे कळायला तिला कुणी शिकवायला नको होतं. त्याने वळून सावित्रीकडे पाहिलं. मग समोर रडणाऱ्या बाईकडे पाहिलं. जी समोर असते तिच्या बाजूने माणूस बोलतो, दुसरं काही कारण सापडत नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "यात तुमचं काही नाही. कावळ्याला आंबा कळत नाही, मी कळत नाही, घाडी कळत नाहीत. सकाळपासून इथे दोन दहावी होऊन गेली. त्याचं पोट भरलंय. बाकी काही नाही."

सुहासिनीने डोकं वर केलं. आपलं म्हणणं तिला आधार देईल असं नरहरीला वाटलं होतं. पण तिच्या डोळ्यांत संताप होता. "तुम्हाला बोलायला काय जातं, भाऊ? तुमच्या उमंगला लगेच शिवला."

"लगेच शिवला म्हणूनच सांगतोय." आता ते थांबणार नव्हतं. "उमंगचं राहिलं होतं. त्याला मला काहीतरी सांगायचं होतं, मी ऐकलं नाही. तरी शिवला. मी उभा राहायच्या आत शिवला. या सगळ्याला काही अर्थ नसतो, वहिनी. वर कुणी नसतं."

 सुहासिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि भटजींना म्हणाली, "करा तुमचं." भटजींनी भराभर दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि सगळं आटोपलं. लोक आंघोळीला गेले. जाताना नरहरीच्या खांद्यावर हात ठेवायला कुणी थांबलं नाही.

घरी येताना सावित्री पुढे चालत होती, तो मागे. तिने छत्री मिटली होती आणि ऊन तसंच डोक्यावर घेतलं होतं. तिचं चार वर्षांचं समाधान आपण चार वाक्यांत संपवलं, हे नरहरीला स्पष्ट दिसत होतं. त्याला वाईट वाटत होतं. इतक्या दिवसांनी काहीतरी वाटत होतं, म्हणून त्याला ते ओळखायला वेळ लागला.

सावित्री घरात गेली नाही. वाडीत बावखलाच्या काठावरच्या दगडावर जाऊन बसली. तोही जरा अंतर राखून बसला.

"तो कावळा मी बोलावला होता," ती म्हणाली.

नरहरीला कळलं नाही.

"आल्बर्टला सांगितलं होतं मी. उमंग गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तो भाजी घेऊन तळ्यावरून जातो ना, त्याला म्हटलं, रोज पायरीवर मूठभर सुकट टाकत जा. शपथ घातली त्याला, कुणाला सांगायचं नाही म्हणून. दहाव्यापर्यंत कावळे माणूस दिसायची वाट बघत बसायला लागले होते." ती पाण्याकडे बघून बोलत होती. "त्या सकाळी मी मागच्या दारात होते. तो तुमच्याशी बोलून आला तो तोंड पाडून आला. चहा ओतला होता, तोसुद्धा घेतला नाही. मला वाटलं, काहीतरी मागितलं असेल आणि तुम्ही नाही म्हणालात. दहाव्याला कावळा अडला असता तर ते सगळ्या गावासमोर तुम्हाला कबूल करावं लागलं असतं. पोरगा तर गेलाच होता. म्हटलं, तुम्हीही हातचे जायला नको."

नरहरी ऐकत होता. मोटरजवळचा आल्बर्टचा लाल चेहरा त्याला आठवला. मिस्सा न चुकवणारा तो माणूस रोज सकाळी हिंदूंच्या तळ्यावर थांबून कावळ्यांना सुकी मासळी घालत होता, आणि त्या मासळीपायी नरहरीने देवांसकट सगळं जग मोडीत काढलं होतं. हसावं असंच होतं ते. दुसरा कुणी असता तर इथे त्याची श्रद्धा परत आली असती, पण गेलेली गोष्ट अशी चूक सापडली म्हणून परत येत नाही. पिंपळ पुन्हा भरला नाही. एवढंच झालं, की पिंपळावर कुणी नाही हेही आता त्याला खात्रीने सांगता येईना. गेली चार वर्षं निदान तेवढी एक खात्री होती. उत्तर द्यायला कुणी नाही म्हटल्यावर विचारायलाही कुणी नाही, या विचारावर तो रोज रात्री कूस बदलून झोपत आला होता.

"मग तू म्हणायचीस ना, लगेच शिवला, लगेच शिवला..."

"तुम्हाला ऐकू जावं म्हणून म्हणायचे," सावित्री म्हणाली. "तुम्ही स्वतःला खात बसू नये म्हणून." मग तिने पहिल्यांदा त्याच्याकडे मान वळवली. "आता एवढं सांगा मला. इतके दिवस विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, मी दोष देते. काय मागितलं होतं त्याने?"

"त्याने सांगितलंच नाही," नरहरी म्हणाला. "टेम्पो सुटायचा होता. मी म्हटलं, संध्याकाळी सांग."

"म्हणजे तुम्ही नाही म्हणाला नव्हतात?"

"काहीच म्हणालो नव्हतो."

सावित्रीने पुन्हा पाण्याकडे तोंड फिरवलं. "मला म्हणाला होता, आधी बाबांना सांगतो, मग तुला. आदल्या रात्री. मी म्हटलं, सांग." तिने पदर डोळ्यांना लावला. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

"मला वाटलं, तुला."

पलीकडच्या इमारतीच्या आवारात पाण्याचा टँकर आला होता. त्याची मोटर सुरू झाली आणि तिचा आवाज वाडीभर पसरला. दोघंही तो संपायची वाट बघत बसले. तो बराच वेळ चालला.

"तुम्ही ओळखा ना," सावित्री म्हणाली. ती आता उघडउघड रडत होती. "सगळ्या गावाचं ओळखलंत. परक्या कोळ्याचं ओळखलंत. त्याचं ओळखा."

नरहरीने प्रयत्न केला. दुसऱ्यांचं ओळखताना तो जिथून सुरुवात करायचा तिथून त्याने केली. पोराला खायला काय आवडायचं. दोस्त कोण होते. ऑफिसातून उशीर झाला की तो कुठे थांबायचा. कशावर चिडायचा, कशावर हसायचा. गावातल्या प्रत्येक ओट्यावर तो टेकला होता, प्रत्येकाचं त्याने ऐकून घेतलं होतं. स्वतःच्या ओट्यावर टेकायला त्याला कधी सवड झाली नव्हती, घरी असला की कायम टेम्पो सुटायचा असायचा. नोकरी बदलायची होती का, कुणी मुलगी होती का, वाडीत काही करायचं होतं का, कुठे लांब जायचं होतं का. यातलं प्रत्येक खरं असू शकत होतं, आणि कुठल्याच मुलाबद्दल म्हणता आलं असतं. त्यात उमंग कुठेच नव्हता.

"मला नाही येत," तो म्हणाला.

सावित्रीने डोळे पुसले आणि मान हलवली. "मलाही नाही," ती म्हणाली.